अकरा इंची एसटी

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आला डबा! हर्षाने नागपूरहून पाठवलेला लॅपटॉप. खोकं उघडलं तर केवढासा — माझ्या अंगणवाडीच्या हजेरीपटाएवढाही नाही. अकरा इंची म्हणे. मला आधी वाटलं, लेकीने खेळण्यातलाच पाठवला.

फोन केला तर म्हणते, "आई, बाबांसाठी आहे तो. स्वस्तातलाच घेतला. संघदीपदादा त्यात बस चालवायचा गेम टाकून देईल. बाबा खेळतील."

बाबा खेळतील! अगं, बाबा चमचा उचलत नाहीत. नऊ सप्टेंबरला लकवा मारला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच. तोंडून शब्द नाही. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, रिटायर होऊन दोन वर्षंही झाली नाहीत, आणि दिवसभर छपरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून. फिजिओवाल्या बाईंनी मुठीत दाबायला पिवळा चेंडू दिला, तो डाव्या हाताने भिरकावतात. मी आणून देते. पुन्हा भिरकावतात. एवढाच आमचा खेळ.

आणि मी उठले की पदर धरायचा. डाव्या हातात जोर तसाच आहे, स्टिअरिंगचा. फाटकापर्यंत जाऊ देत नाहीत. तेल-मीठ रुक्माबाई आणून देते.

डबा कपाटावर ठेवला. पोरीचा जीव आहे बापावर, म्हणून राग आला नाही.

२० नोव्हेंबर

संघदीप आला. माझ्या दिराचा मुलगा, गोंदियाला कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं तोंड केलं.

"काकू, ये गेमिंग का नहीं है. यात लिहायचं-वाचायचं, पिक्चर पाहायचा. गेमले ग्राफिक कार्ड लागते, पंखा लागते. यात पंखाच नाही! गरम होऊन अटकून राहीन."

"मग हर्षाने काऊन घेतला?"

"बजट, काकू. तिनं तिच्या मनानं चांगलंच केलं. पण दहा दिवसांत वापस होते. करून टाका वापस."

त्याचं ज्ञान जास्त, मान्य. पण लहान आहे म्हणून कामाचं नाही, हे मला पटत नाही. माझ्या अंगणवाडीत सगळी लहानच आहेत. मी म्हटलं, "आधी गेम टाक. मग बोल."

२१ नोव्हेंबर

सुपरवायझर मॅडमचा फोन. माझी रजा चार जानेवारीपर्यंत. पाच तारखेला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. "अल्काताई, मला वाईट वाटतं, पण मुलांचं किती दिवस असं चालवायचं?"

त्यांचं चूक नाही. बावीस वर्षं मी सेविका. आमच्या कामठ्यात आज ज्यांच्या पोरांना मी खिचडी वाढते, त्या आयांनाही मीच वाढली. सध्या मदतनीस रुक्माबाई एकटी सांभाळते, शेजारच्या अंगणवाडीची बाई येऊन जाते. पण पदर सुटल्याशिवाय मी जाऊ कशी? तास-दीड तास नाही, दहा ते दोन.

हे ऐकत होते. भिंतीकडे तोंड करून, पण ऐकत होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेम बसला! पण सुखासुखी नाही. डब्यात जागाच नव्हती, संघदीपने काय काय पुसून टाकलं. मग बस सुरू केली तर ती उचकी लागल्यासारखी — एक पाऊल, थांब, एक पाऊल, थांब. मग तो सेटिंगमध्ये शिरला आणि एकेक बंद करत गेला. झाडं कमी. पाऊस बंद. ढग बंद. प्रवाशांची तोंडं गेली, नुसती मुंडकी उरली. शेवटी सावल्या बंद केल्या, तेव्हा बस सुरळीत चालली.

"सावली नाही त्याला भूत म्हणतात," मी म्हटलं. "भुतांची एसटी केली रे तू!"

पण खरी गोष्ट लिहायची ती ही की ह्यांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा! इंजिनाचा आवाज आला आणि मान वळली. मी आणि संघदीप लगेच उठलो. स्टुलावर डबा ठेवला, डाव्या हाताची बोटं बटणांवर टेकवली. ही रेस, हा ब्रेक. बिनतोंडाचे प्रवासी चढले. दार लागलं. इंजिन घुरघुरतंय.

गाडी हलेना. बोट रेसवर, पण दाबेनात. मान डावीकडे, मागे वळवून पाहतात. पुन्हा समोर. पुन्हा मागे. पाच मिनिटं झाली. संघदीपने शेवटी स्वतःच बटण दाबलं — गाडी निघाली, आणि ह्यांनी त्याच्या हातावर असा फटका हाणला की बिचारा उठून उभाच राहिला.

मग परत भिंत.

२४ नोव्हेंबर

पुन्हा लावून पाहिलं. तेच. प्रवासी बसतात, दार लागतं, हे मागे पाहतात. गाडी जागची हलत नाही.

मागे कोण आहे हो? कुणाला शोधता?

२५ नोव्हेंबर

संघदीप दुकान बंद करून आला होता. मला म्हणाला, डब्यातच दम नाही, अटकतो, वापस करू. मी हो म्हटलं. मग तो फाटकाबाहेर जाऊन हर्षाशी फोनवर बोलला, त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. "डबा चालते गं. काकाच्या डोक्यात नाही जाऊन राहिलं. काकूले नको सांगू."

भला पोरगा. दोष डब्यावर ढकलला, मला लागू नये म्हणून. परवा डबा न्यायला माणूस येणार.

आज मी रडले, ते लिहून ठेवते. हात गेला तो परत येईल असं फिजिओवाल्या बाई म्हणाल्या होत्या. डोकं गेलं तर मी काय करू? एकतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पुढे जा एवढंही कळू नये?

२६ नोव्हेंबर, बुधवार

क्रमाने लिहिते.

चार वाजता चहा केला. म्हटलं, उद्या डबा जाणार, शेवटचा एकदा लावू, आवाज तरी ऐकतील. लावला. प्रवासी चढले, दार लागलं, हे मागे पाहायला लागले. मी कंटाळून बाजूला बसले, माझ्या स्टीलच्या गिलासात साखर ढवळली आणि चमच्यावरचा थेंब झटकायला काठावर आपटला. टिंग टिंग.

गाडी निघाली!

मला वाटलं, चुकून बोट पडलं. पण नाही. वळण घेतलं. ब्रेक मारला. पुढच्या थांब्यावर गाडी अशी लावली की पायरी बरोबर फलाटाला. तेच माझे ड्रायव्हरसाहेब! मी तोंडावर पदर धरून बघत राहिले. प्रवासी चढले. दार लागलं. आणि गाडी परत उभी. परत मान डावीकडे मागे.

आणि मला १९९५ आठवलं. लग्नाला महिना झाला नव्हता. गोंदिया स्टँड, तिरोड्याची गाडी, ह्यांची ड्युटी, आणि मी नवी साडी नेसून ह्यांच्या मागच्या सीटवर. गाडी गच्च भरली. इंजिन सुरू. गाडी निघेना. मी हळूच विचारलं, "काऊन थांबले?"

मागे न पाहता म्हणाले, "बेल नाही झाली."

"सगळे तर बसले!"

"मले थोडी दिसते? कंडक्टरले दिसते. एखादीचा पाय पायरीवर असन, अन् मी गाडी काढली तं?"

एक बेल म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. एकतीस वर्षं ह्या माणसाने डबल बेलशिवाय गाडी हलवली नाही. आणि गेममध्ये कंडक्टरच नाही! बेल कोण मारणार? संघदीपने बेल नसताना गाडी काढली, म्हणून फटका खाल्ला त्याने!

मी चमचा घेतला. टिंग टिंग.

निघाली गाडी.

डोकं गेलेलं नाही. डोकं जागेवर आहे, उलट माझं आणि संघदीपचं मिळून होईल त्याहून जास्त आहे. नियम सोडला नाही म्हणून आम्ही त्यांना वेडं ठरवलं. संध्याकाळपर्यंत बेल मारत बसले. चहा थंड झाला, तसाच प्याले. असा गोड चहा जन्मात प्याले नाही.

२७ नोव्हेंबर

डबा न्यायला माणूस आला. मी म्हटलं, "नाही द्यायचा." तो म्हणाला, "मॅडम, पसंद नहीं था ना?" मी म्हटलं, "आता पसंद आला." त्याला पाणी पाजलं, चकली दिली. बिचाऱ्याला वाटलं असेल, बाई लहरी आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

संघदीप आला आणि आधी ह्यांच्या पायाशीच बसला. "काका, गलती झाली." ह्यांनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. मग त्याने कुठेतरी शोधून गाड्या डाव्या बाजूने चालायची सोय केली, कारण परदेशातला रस्ता, सगळे उलटे येतात, आणि ड्रायव्हरसाहेब आपली बाजू काही सोडत नाहीत. दोन दिवस समोरच्या गाड्यांना चुकवत होते.

रस्ता कुठला देवाला ठाऊक. घाट आहे, बर्फ आहे, थांब्यांची नावं वाचता येत नाहीत. मग मीच नावं ठेवली. "चला, गंगाझरी! गंगाझरीवाले उतरा!" ह्यांच्या ओठाची डावी कड वर गेली. हसले. मी पाहिलं, संघदीपने पाहिलं, व्हिडिओ कॉलवर हर्षाने पाहिलं. ती तर फोन बाजूला ठेवून रडायलाच लागली.

हर्षा, तुझे उपकार मी कसे फेडू गं? आईने लेकीला असं म्हणायचं नसतं. पण वहीत म्हणायला काय हरकत आहे?

६ डिसेंबर

विहारात जायचं होतं, पदर सुटला नाही. घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. ह्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि दोन्ही जोडले. कुणी सांगितलं नव्हतं.

९ डिसेंबर

बिसरामभाऊ आले! ह्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं कंडक्टर होते. लकव्यानंतर एकदा येऊन गेले, पण ह्यांनी तोंड फिरवलं म्हणून मन खट्टू होऊन पुन्हा आले नव्हते. मीच फोन करून बेलची गोष्ट सांगितली, तर दुसऱ्या दिवशी हजर.

फाटकातूनच ओरडले, "जय भीम, भाभी! कुठी हाये माहा ड्रायव्हर?"

मी चमचा आणि गिलास त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, छपरीच्या खांबाला टेकून उभे राहिले — बसले नाहीत, कंडक्टर बसत नाही — प्रवासी मोजले, आणि मारली. काय सांगू! माझी बेल म्हणजे चमच्याचा आवाज. त्यांची म्हणजे हुकूम. ह्यांची पाठ ताठ झाली.

मग जेवताना गोष्ट सांगितली. एकदा बिसरामभाऊ चहा प्यायला उतरले, कुणा टारगट प्रवाशाने बेलची दोरी दोनदा ओढली, आणि हे कंडक्टर सोडून गाडी घेऊन निघाले. "मी रस्त्यावर कप घेऊन उभा! तीन किलोमीटर मोटारसायकलवर पाठलाग केला. विचारलं, अबे, मले सोडून काऊन गेला? तं मनते कसा — बेल झाली होती." हे इतके हसले की ठसका लागला. आवाज निघाला त्यात. शब्द नाही, पण आवाज. ह्यांचाच.

जाताना बिसरामभाऊंनी फाटकाशी डोळे पुसले. "भाभी, वरातीत नाचावं असं वाटून राहिलं." नाचा म्हटलं. नाचले नाहीत, पण लाजले.

१३ डिसेंबर

फिजिओवाल्या बाईंना सगळं सांगितलं. खूश झाल्या, पण कडक आहेत. म्हणाल्या, डावा हात हुशार आहे, तो उजव्याला आळशी करतोय. आता रेस उजव्याने. पाणी मागायचं असेल तर उजव्याने. मी म्हटलं, मागतील कसे, बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "बेल आहे ना!"

हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं!

संघदीपने रेसचं बटण उजव्या कडेला नेलं. खाटेच्या उजव्या बाजूला उलटा स्टीलचा गिलास आणि चमचा. काही लागलं की एक बेल.

१७ डिसेंबर

डब्याला पंखा नाही म्हणून संघदीप नावं ठेवत होता ना? अर्धा तास चालला की तो तव्यासारखा तापतो. आणि ह्यांचा उजवा हात थंडीत बर्फ. मी डब्याखाली टॉवेलाची घडी ठेवते आणि घडीखाली तो हात. वीस मिनिटांत बोटं सैल होतात. मग रेसवर ठेवते. आज मधल्या बोटाने बटण दाबलं गेलं! दोनदा. तिसऱ्यांदा नाही, पण दोनदा.

ज्याने पंखा बसवला नाही त्याचं कल्याण होवो.

१९ डिसेंबर

मला सिटी बस करून ठेवलं आहे! दिवसभर टिंग. पाणी — टिंग. उशी — टिंग. माशी बसली — टिंग! आणि मी धावत गेले तर डाव्या हातात चमचा. चोर! उजव्याचा बहाणा करून डावा ओलांडून आणतात. सक्त ताकीद दिली, डाव्याने मारली तर मी ऐकणारच नाही. दिवसभर ऐकलंही नाही. संध्याकाळी अगदी बारीक, उंदराने मारावी तशी एक टिंग आली. उजव्याची.

२१ डिसेंबर, रविवार

गावात मी आता लॅपटॉपमधली जाणकार झाले आहे. दुधराम गुरुजी आले होते. नातवंडांना गेम खेळायला असाच स्वस्त, लहान घ्यावा म्हणतात, घ्यावा का?

मी खरं ते सांगितलं. गुरुजी, नवे, मोठे गेम यात चालत नाहीत, पोरं रुसतील. जुने चालतात, तेही सावल्या काढून. जागा कमी. तापतो. चार्जर जपावा लागतो. अक्षरं बारीक, तुमच्या वयाला चष्मा लागेल. संघदीप म्हणतो ते सगळं खरं आहे.

"मग नको घेऊ?"

"कुणासाठी घेता त्यावर आहे," मी म्हटलं. "आमच्या घरात यापेक्षा महागाची वस्तू शोभली नसती. मोठा असता तर खाटेजवळच्या स्टुलावर मावला नसता. पंखा असता तर हात शेकला नसता. पळायला जोरात असता तर ह्यांना भीती वाटली असती. आम्हाला जेवढा पाहिजे तेवढाच तो आहे."

गुरुजी विचारात पडून गेले. घेतील की नाही कोण जाणे.

२२ डिसेंबर

रुक्माबाई अंगणवाडीतून परस्पर आली. छपरीतच बसली, ह्यांच्या समोर. "पोरं विचारून राहिली, अल्काबाई कवा येतात? ते लहानी पोरगी तं खिचडीच खात नाही माह्या हातची. मॅडम मनत होत्या, पाच तारखेले नाही आल्या तं दुसरी बाई पाहतो." मी डोळ्यांनी खुणावते, गप्प बस, पण ही आपली चालूच. "बावीस वर्षांची नोकरी कायले सोडता, बाई?"

हे गेम खेळत होते. गाडी थांब्यावर उभी राहिली. मी बेल मारली तरी निघाली नाही.

२४ डिसेंबर

पदर धरणं सुटलं! पण आनंद नको. पदराची जागा बेलने घेतली. आज रुक्माबाईकडे पीठ आणायला निघाले, फाटकाच्या कडीला हात लावला आणि मागून टिंग. एक बेल. थांब. वळून पाहते तर चमचा खाली पडलेला आणि ह्यांचा चेहरा लाल. मी परत आले, चमचा उचलून दिला. "नाही जात, बसा." तर डाव्या हाताने खाटेवर बुक्की!

इतका राग? मी पिठाला चालले होते हो.

२६ डिसेंबर

पुन्हा तेच. फाटक, टिंग, चमचा खाली, बुक्की. परत आले तर आणखी चिडले. दुसरी बुक्की स्टुलावर — डबा पडता पडता वाचला.

मला राग लिहायचा नव्हता ह्या वहीत, पण आज आला. मी काय पळून जाते आहे?

२८ डिसेंबर

हर्षा दोन दिवस आली होती. तिने बापाला आधाराने फिरवलं, काठी धरून विहिरीपर्यंत नेलं. उजवी मूठ आता चेंडू धरते. चमचा धरते. रेस दहा-बारा वेळा दाबते. जेवण डाव्याने स्वतः. सगळं सुधारतंय. फक्त मी फाटकाकडे गेले की बेल.

हर्षा म्हणाली, "आई, बाबा घाबरतात. सोड नोकरी. मी आहे ना." मी कांदा चिरत होते, बरं झालं.

३१ डिसेंबर

वर्ष गेलं. ह्यांना ठेवून गेलं. आणखी काही मागणार नाही.

३ जानेवारी २०२६, शनिवार

राजीनामा लिहिला. चारच ओळी झाल्या. बावीस वर्षांच्या चार ओळी. अक्षर चांगलं आलं आहे.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मुलांच्या आंघोळ केलेल्या डोक्यांचा वास, पहिल्या दिवशी रडणारं पोर तिसऱ्या दिवशी माझ्याच मांडीवर झोपतं ते — हे सगळं जाणार. पण हिशोब करायला बसले तर मला जे मिळालं ते जास्तच भरतं. सप्टेंबरात मी म्हणत होते, माणूस वाचू दे. माणूस वाचला. नोव्हेंबरात म्हणत होते, डोकं शाबूत असू दे. शाबूत आहे, माझ्यापेक्षा शहाणं आहे. आता तो म्हणतो थांब, तर थांबते. एकतीस वर्षं तो कुणाच्या तरी बेलवर थांबला. आता मी त्याच्या बेलवर थांबेन.

राजीनामा ह्यांना वाचून दाखवला. डोळे मिटून घेतले. मग भिंत — नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा. गेम लावला तर पाहिला नाही.

उद्या रविवार. परवा सकाळी जाऊन देऊन येते. येऊन-जाऊन अर्धा तास.

५ जानेवारी २०२६, सोमवार

वही घरी आहे. हे राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे, अंगणवाडीत बसून. घरी गेल्यावर चिकटवेन.

सकाळी कागद पर्समध्ये घातला आणि फाटकाची कडी काढली. टिंग. मी म्हटलं, "देऊन येते हो, अर्ध्या तासात परत." बुक्कीचा आवाज नाही. चमचा पडल्याचाही नाही. वळून पाहिलं. ह्यांनी डावा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता, मध्ये येऊ नये म्हणून. चमचा उजव्या मुठीत होता, मूठ थरथरत वर येत होती. घाम फुटला होता थंडीत. मी कडी धरून उभी. एक अख्खी गाडी स्टँडवर भरली असती एवढा वेळ.

टिंग.

बारा दिवस मी पहिल्या बेललाच परत फिरत होते. त्यांना दुसरी मारायची होती.